समोरची खुर्ची

"या खुर्चीत तुमच्या सासूबाई बसल्या आहेत असं समजा आणि सांगायचं राहिलंय ते सांगा," मी म्हणाले.

समोर बसलेल्या बाई झटकन उठल्या आणि डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

"बसून बोला."

"त्यांच्यापुढे कधी बसले नाही, मॅडम."

'आई जाऊन दोन महिने झाले तरी हिचं रडणं थांबत नाही,' असं सांगून नवऱ्याने त्यांना माझ्याकडे समुपदेशनाला आणलं होतं. बऱ्याच वेळाने त्या आपल्या खुर्चीच्या काठावर टेकल्या.

"आई, माझे वडील गेल्याचा फोन आला, त्या दिवशी वन्संचा साखरपुडा होता. तुम्ही म्हणालात, पाहुणे जाईपर्यंत डोळ्यांत पाणी दिसता कामा नये. मी हसून पंगत वाढली. पुढे लग्नघर म्हणून रडायचं नाही, मग मुलं लहान म्हणून नाही. ते आत्ता रडतेय. तुमच्यासाठी नाही."

वेळ संपली. नवरा आत आला. त्यांचे डोळे पाहून त्यानेही आपले डोळे पुसले.

"बघा मॅडम, पोटच्या लेकीला नसेल एवढी माया होती हिला आईची."

पदर सावरत त्या उठल्या.

"हो," म्हणाल्या.