नुसती दोन बोटं

“साडेतीन हजारावरून साडेपाच हजार फुटांवर चला, सर. हातानं नाही, ऑटोपायलटनं,” डावीकडच्या सीटवरून हिमानी म्हणाली.

रविंद्र सरांनी मान हलवली. छोट्या विमानात उजवीकडची सीट शिकवणाऱ्याची असते. तिच्यावर ते सव्वीस वर्षं बसत आले होते. हिमानी याच क्लबात त्यांच्याच डावीकडे बसून उडायला शिकली, आणि आज परीक्षक होऊन नागपूरला आली होती. ऑटोपायलट नसलेलं जुनं विमान गेल्या महिन्यात हँगरच्या मागं नेऊन उभं केलं होतं. तिनं चांगला शेरा लिहिला, तर सर उद्यापासून या नव्या विमानावर शिकवणार होते. नाही लिहिला, तर त्यांचं शिकवणंच थांबणार होतं.

निघताना तिनंच थट्टा केली होती, “पेन्सिल आणली ना, सर?” समोरच्या अर्ध्या चाकावरून, ज्याला क्लबात सगळे कंट्रोल म्हणत, शिकणाऱ्याचा हात सुटला की सर बोटांवर पेन्सिलीनं टक्क करत. त्यांचा पहिला धडा तोच होता. “परीक्षकबाईले कोण मारते वं,” सर म्हणाले होते आणि दोघंही हसले होते.

सरांनी सगळं बरोबर केलं. डाव्या हातानं बटण फिरवून पडद्यावर साडेपाच हजारांचा आकडा आणला. नुसता आकडा बदलून विमान चढत नाही, त्याला चढायला सांगावं लागतं. त्यांनी दुसरं बटण दाबून मिनिटाला पाचशे फूट असं सांगितलं, आणि इंजिनाची ताकद वाढवली. शेजारी नवं पोर बसलंय असं समजून ते प्रत्येक गोष्ट सावकाश बोलून दाखवत होते. विमानानं नाक उचललं. कन्हानचं पात्र आणि कामठीची पत्र्याची छपरं खाली खाली जाऊ लागली.

फक्त त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कंट्रोलवर होती.

“सर, हात.”

“नुसता ठेवून राहिलो. धरलं कुठं?”

 दोन सीटांच्या मधलं ट्रिमचं चाक, जे विमानाच्या नाकाचा भार सांभाळतं, ते आपोआप फिरत होतं. थोडं थांबून परत फिरत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. सरांनी पाहिलं नाही.

जुन्या विमानाचं इंजिन मे महिन्यात दमायचं. चढताना नाक जरा जास्त वर गेलं की वेग पडायचा. म्हणून सरांची बोटं नाक खाली दाबायला शिकली होती, आणि दाबतोय हे त्यांना कळेनासं झालं होतं. आज ती दाबत होती, आणि ऑटोपायलट ते ओझं समजून ट्रिमचं चाक फिरवत नाक वर ओढत होता. बाहेरून पाहणाऱ्याला विमान अगदी सरळ चढताना दिसलं असतं.

साडेपाच हजारावर विमान स्थिर झालं. सरांनी हिमानीकडे पाहिलं. उंची एका फुटानंही चुकली नव्हती.

“आता ऑटोपायलट काढा,” ती म्हणाली.

सरांनी अंगठ्यानं लाल बटण दाबलं आणि बोटं सैल सोडली.

नाक झटक्यात वर गेलं. समोरच्या काचेत नुसतं आभाळ उरलं. वेग पडत असल्याचा भोंगा वाजू लागला. हिमानीनं दोन्ही हातांनी कंट्रोल पुढं रेटलं. “माझ्याकडे,” ती म्हणाली.

हा शब्द उजवीकडच्या सीटचा होता. शिकणारा चुकला की सर तो म्हणत आणि विमान स्वतःकडे घेत. स्वतःच्या बाबतीत त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. त्यांचा उजवा हात हवेत तसाच राहिला.

 खाली उतरल्यावर तिनं पंखावर कागद ठेवून नापासाचा शेरा लिहिला आणि सहीसाठी त्यांच्यापुढं धरला.

“सर, मी हे लिहिलं नाही, तर उद्या तुमच्या बाजूला एखादी पोरगी बसलेली असन.”

“खोटं लिहिलं असतंस तर पेन्सिलच काढली असती,” सर म्हणाले आणि सही केली. मग त्यांना राहवलं नाही. “तुले हात काढायले शिकवलं कोणं?”

हिमानीनं कागदाची घडी घातली. “कोणी नाही शिकवलं. तुमचा धडा विसरायलेच मले दोन वर्षं लागली, सर.”

ती पाया पडायला वाकली. सर जरा मागं सरले.

क्लबाच्या व्हरांड्यात मयुरी बसली होती. कामठीहून दोन ऑटो बदलून येणारी त्यांची सगळ्यात नवी विद्यार्थिनी. तिनं उभं राहून विचारलं, उद्या किती वाजता येऊ. सरांनी हात पुढं केला. वही मागितली.

पहिल्याच पानावर लाल शाईनं चौकटीत लिहिलं होतं: हात काढायचा नाही. खाली त्यांचीच बरोबरची खूण होती, गेल्या आठवड्यातली. सरांनी पेन काढलं आणि ते वाक्य दाबून खोडलं. मग बाकावर तिच्या शेजारी बसून समजावलं, नेहमीसारखं, सावकाश. ऑटोपायलट लावला की विमान त्याचं. आपले हात मांडीवर.

“आणि वाटलंच धरावंसं, सर?”

“वाटते. तरी मांडीवर.”

मयुरीनं नवं वाक्य लिहायला पान उलटलं. सरांची रेघ त्या कोऱ्या पानावरही उमटली होती. तिनं आणखी एक पान उलटलं. तिथंही होती.