काकांची आवड

"काकू, काका मजेत आहेत," बागेच्या फाटकावरचा स्पीकर म्हणाला. "सकाळपासून नुसते चालतायत. त्यांची आवड बघून आम्ही पायवाट लांबवली, फाटकही पार या टोकाला आणलं."

"आवड कसली डोंबलाची! त्यांना काही आठवत नाही रे. ते फाटकच शोधतायत!" मंदाकिनीकाकू रडकुंडीला आल्या होत्या.

नगरपालिकेने बागा सॉफ्टवेअर एजंटांवर सोपवल्यापासून कामं झटपट होत. लोक वागतील तशी बाग बदलायची. त्यांना काही विचारायची गरजच उरली नव्हती.

"काकू, त्यांना नावाने पुकारलं, पण थांबत नाहीत."

"नाव विसरलेत ते. 'अहो' म्हण."

स्पीकर 'अहो' म्हणाला. बागेतले सगळे म्हातारे दचकून उठले आणि निमूटपणे फाटकाशी आले. त्यांत काका नव्हते.

"मला बोलू दे," म्हणत काकू स्पीकरला चिकटल्या. "अहो, मी आलेय! आहात तिथेच बसा, हलू नका."

"बसले, काकू," स्पीकर उत्साहाने म्हणाला. "कोपऱ्यात, अगदी एकटे. म्हणजे एकांत आवडतो त्यांना. चारी बाजूंनी मेंदीचं उंच कुंपण लावायला घेतलंय."