नावाचं वय

मुलगी पाहायला ब्रह्मपुरीला आलेल्या मिथुनने बायोडाट्यात वय बत्तीस लिहिलं होतं. केस काळे करून मिशीही उडवली होती. पण मुलीची आजी गिरजाबाई कागद वाचणारी नव्हती. तिने नाव विचारलं आणि बोटांवर मोजलं. "गावात व्हिडिओवर त्या हिरो मिथुनचा पयला पिच्चर लागला, त्या साली मोहल्ल्यात सात मिथुन जन्मले. सारे आता बेचाळीसचे. तुमी बत्तीसचे कसे, भाऊ?" मिथुनने पोह्यांची बशी खाली ठेवली. अकरावं स्थळही हातचं गेलं म्हणून तो उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलीच्या आईची हाक आली, "रिना, चहा उतू चालला." बायोडाट्यात अठ्ठावीस वर्षांची अन्विका असलेली मुलगी सवयीने उठली आणि दारातच थबकली. "आमच्या दहावीत तीन रिना होत्या," मिथुन हळूच म्हणाला. तिने चहाचा ट्रे आणून दोन्ही बायोडाट्यांवर ठेवला. "आमच्यात चार मिथुन होते. एकानंही मले विचारलं नाई."