चढावरची फटफट

वत्सलाने भाकरी थापली, पण तव्यावर टाकायला तिचा हात पुढे होईना. लग्नापासून तिचं घड्याळ एकच. नवऱ्याची स्कूटर चढाला लागून फटफटली, की भाकरी तव्यावर पडायची आणि तो उंबऱ्यात यायला ती टम्म फुगायची.

पण जुन्या पेठेत धुराच्या गाड्यांना बंदी आली, आणि त्याचं रफूचं दुकान नेमकं पेठेत. महापालिकेच्या मदतीतून विजेची स्कूटर आली खरी, पण ती मांजराच्या पावलांनी यायची. काल तो दारात उभा राहिला, तेव्हा आधीच केलेली भाकरी ताटात गार पडली होती.

"अहो, दुकान वाचलं, देव पावला," ती म्हणाली होती, "पण तुमची चाहूलच लागत नाही हो!" तो गार भाकरीच मोडून जेवला होता.

आत्ता चढावरून आवाज आला, "फट्‌-फट्‌-फट्‌!" आवाज गाडीचा नव्हता, माणसाचा होता. अर्ध्या चढावर जुनी स्कूटर खोकायची, तिथे तो खोकलासुद्धा.

शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं, तुझ्या माणसाला वेड लागलं की काय?"

"जुनंच आहे गं ते!" म्हणत तिने भाकरी तव्यावर टाकली.