शेवंतीच्या मळ्याचा ताबा

“बळकावली, एवढंच म्हणायचं. तोंडातून ‘दिली’ निघालं की खेळ खलास,” दौंडच्या कोर्टाच्या जिन्यात पोपटराव वकिलांनी सोपानरावांना पुन्हा बजावलं.

“अवो, पर दावीदनं आपल्या हातानं दिलीय. भावानं मला घराबाहेर काढलं तवा म्हणला, माझं रान पडीक हाय, लाव शेवंती.”

“ते माणसांत झालं. कायद्यात मायेनं मिळालेल्या रानाला ताबा म्हणत नाहीत. मालकाच्या नाकावर टिच्चून घेतलेलं पाहिजे. मग इतक्या वर्षांनी ते तुमचं.”

“म्हंजी दरोडेखोर चालतो, दोस्त न्हाई?”

“कायद्याला विचारा. मी नुसती फी घेतो.”

सिंधूबाईंनी नवऱ्याची टोपी सरळ केली. “म्हणा की एकदाचं. मळा इकला तर भांडगावात आपल्याला वाफाभर जागा न्हाई.”

विकायला निघाला होता दावीदचा मुलगा सॅमसन. बाप गेल्यावर जमीन त्याच्या आणि आई मरियमच्या नावावर लागली, आणि पोरानं लगोलग गिऱ्हाईक गाठलं.

पिंजऱ्यात उभे राहून सोपानराव म्हणाले, “बळकावली.” समोरच्या बाकावर मरियमवहिनी बसल्या होत्या. सोपानरावांची मान खाली गेली, ती काही वर येईना.

सॅमसनचा वकील बेरकी. “दर नाताळला शेवंतीची पहिली पाटी चर्चमध्ये कोण पोचवतं हो? बळकावणारा फुलं पोचवतो?”

सोपानरावांनी टोपी काढली. तिच्यानंच डोळे पुसले. “खोटं बोललो, साहेब. दावीदनंच दिली. पहिली पाटी त्याच्या मानाची. मेलेल्या दोस्ताला वैरी केला मी. तोंड दाखवायला जागा न्हाई मला.”

पोपटरावांनी फाइल मिटली. सिंधूबाईंचा पदर तोंडावर गेला. सॅमसन गालात हसला. आता आईनं नुसतं ‘हो’ म्हणायचं, की झालं.

मरियमवहिनी पिंजऱ्यात चढल्या. बायबलवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. सोपानरावांकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“सांगा मरियमबाई,” वकील गोड आवाजात म्हणाला, “जमीन तुमच्या मालकांनी प्रेमानंच दिली होती ना?”

“कसलं प्रेम? हा म्हातारा धादांत खोटं बोलतोय, साहेब. दांडगाई करून घुसला आमच्या रानात. फुलं काय, देवाला दिली आसतील, आमाला न्हाई. आमचं हाडवैर हाय ह्यांच्याशी. लिवून घ्या.”