चार बोटं कमी

घरात बाबा आणि त्यांची बिनलग्नाची पन्नाशीतली लेक, दोघंच. दुकानातले डायपर परवडेनासे झाले, तेव्हा तिने जुनी चादर फाडली, आत टॉवेलच्या घड्या घातल्या आणि त्यांच्यासाठी कापडी लंगोट शिवायला घेतले. बाबा हाडाचे शिंपी. पहिलाच लंगोट हातात घेऊन त्यांनी नाक मुरडलं.

"ही काय टीप म्हणायची? आण ती सुई इकडे."

त्या दिवसापासून ते अंथरुणात बसून स्वतःच शिवू लागले. हात थरथरायचा, पण टाका सरळच पडायचा.

आज वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवताना तिला तळाशी सहा नवेकोरे लंगोट सापडले. कमरेला चांगली चार बोटं कमी. उभ्या जन्मात ज्यांचं माप चुकलं नाही, त्यांचं आता डोकंही साथ सोडायला लागलं की काय?

"बाबा, हे नाही बसायचे तुम्हाला," ती उसनं हसत म्हणाली. "माप चुकलंय."

"माझे नाहीतच ते." बाबांनी मान वर न करता दोऱ्याला गाठ मारली. "मला तू आहेस. तुझ्या वेळी कोण शिवून देणार?"