वाचायची परवानगी

सांबशिवराव रोज संध्याकाळी विंडोजवरच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बायकोचा मल्लीच्या फुलांचा गजरा ‘फालतू खर्च’ या खात्यात चढवायचे आणि विचारायचे, “कशाला माळतेस? बघतो कोण?” कमलाक्षी तंजावरच्या पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायची, चार वर्षं तिनं दातओठ खात ऐकून घेतलं. मग नव्याण्णव साली व्हायरसनं विंडोज गिळलं. “अय्यो, हिशेब फ्लॉपीतच अडकले!” राव रडकुंडीला आले. तिनं विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं, त्यावर ‘वाइन’ नावाच्या युक्तीनं तोच प्रोग्राम चालवला आणि फ्लॉपीतून उतरवलेल्या हिशेबाच्या फाइलची मालकी स्वतःकडे घेतली. रावांनी हिशेब उघडला, डोळे भरून पाहिला. पण आकडा काही चढेना. “तुम्हाला वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. सांगा, मी चढवते,” ती म्हणाली. राव पुटपुटले, “केसांचा कलप, तीस रुपये.” कमलाक्षीनं गजरा सावरला, ‘फालतू खर्च’ उघडला आणि शांतपणे विचारलं, “कशाला लावता? बघतो कोण?”